पोटखराब्याचं शेत: आम्हाला वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दर रविवारी कोणी ना कोणी शेतावर येतं आणि साधारण त्याच क्रमाने तेच प्रश्न विचारतं. बाकीचे फोनवर विचारतात, तेही बहुतेक धार काढायच्या वेळेला. अण्णा, म्हणजे माझे सासरे, एकदा वैतागून म्हणाले, "सूनबाई, लिहून टाक एकदाचं. माझा घसा तरी वाचंल." म्हणून हे लिहिलं. उत्तरं माझी आहेत. घरातल्या अकरा माणसांना ती सगळीच्या सगळी मान्य आहेत असं समजू नका. नानांचं, म्हणजे चुलत सासऱ्यांचं, मत जिथे वेगळं आहे तिथे तसं सांगितलंय, नाहीतर ते मला जेवू देणार नाहीत.

तुम्ही नक्की कुठे आहात?

पुरंदर तालुक्याच्या पूर्वेला, जेजुरीच्या पलीकडे, बारामतीची हद्द जवळ येते त्या बाजूला. पुण्याहून दिवे घाट चढून सासवड, सासवडहून जेजुरी, मग गावचा रस्ता. "पुणे जिल्हा" म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर मुळशी-मावळची भातखाचरं आणि धुकं येतं. ते सगळं घाटाकडे. ताम्हिणीत पाऊस हजारो मिलिमीटरमध्ये मोजतात. आमच्याकडे चांगल्या वर्षी पाचशेच्या आसपास पडतो, आणि वाईट वर्षी तो किती पडला हे कोणी मोजायला जात नाही.

जमीन किती आणि किती पिढ्यांची?

बावीस एकर. माझी लेक आता अकरा वर्षांची आहे, तिच्यापासून वर मोजलं तर ती पाचवी पिढी. त्यातली चौदा एकर कसायची: बाजरी, ज्वारी, मटकी, हुलगा, पावसाळी वाटाणा, थोडा कांदा, एक एकर अंजीर आणि दीड एकर सीताफळ. उरलेली आठ एकर म्हणजे माळ. सातबाऱ्यावर त्याची नोंद आहे "पोटखराबा, ३ हेक्टर २० आर". लागवडीला नालायक, म्हणून आकारणीही नाही. सरकारच्या लेखी तिथे काहीच नाही. आमचा सगळा खटाटोप त्या आठ एकरांभोवतीच चालतो.

पोटखराबा म्हणजे पडीकच ना? मग तिथे काहीतरी करत का नाही?

हा पहिल्या क्रमांकाचा प्रश्न. मीसुद्धा लग्नानंतर पहिल्या उन्हाळ्यात हाच विचारला होता. मी नारायण पेठेतली. एप्रिलमध्ये तो माळ पाहिला आणि मला वाटलं, इथे काही मेलंय. पिवळं वाळकं गवत, मुरूम, मध्येच एखादी हिवराची किंवा बोरीची काटेरी काडी. नवऱ्याला म्हटलं, "हे असंच सोडलंय?" तो म्हणाला, "जरा खाली बसून बघ."

खाली बसल्याशिवाय माळ दिसत नाही. मे महिन्यात दगडावर सरड्याचा नर चढून बसतो आणि गळ्याखालची पिशवी पंख्यासारखी उघडतो. निळी, काळी, केशरी. उघडली, मिटली, पुन्हा उघडली. मादी दहा हातांवर बसून दुसरीकडेच बघत असते. दख्खनच्या माळावरच्या या सरड्यांची शास्त्रज्ञांनी २०१६ साली एक वेगळा वंश (जीनस) केला आणि त्याला नावही "सरडा" असंच दिलं, आपलं मराठीच. अण्णांना हे सांगितलं तर म्हणाले, "मग आम्ही आजवर काय म्हणत होतो?"

गवतं पाच-सहा जातींची आहेत. पवन्या, शेडा, डोंगरी, मारवेल ही जनावरांच्या आवडीची. कुसळी पावसाळ्यात कोवळी असेपर्यंत खातात, मग तिची कुसळं तुमच्या पायमोज्यांत आणि मेंढ्यांच्या लोकरीत शिरतात. टिटवी, तित्तिर, चंडोल, धाविक, पखुर्डी ही सगळी पाखरं उघड्या जमिनीवर अंडी घालतात. बहुतेकांचं घरटं म्हणजे नुसता खळगा, भोवती चार खडे. टिटवीनं अंडी उंचवट्यावर घातली तर पाऊस चांगला, ओढ्याच्या पात्रात घातली तर दुष्काळ, असं आई, म्हणजे सासूबाई, सांगतात. मी चौदा वर्षं वहीत लिहून ठेवतेय. आईंना अजून निकाल सांगितलेला नाही.

हिवाळ्यात भोवत्ये येतात, मध्य आशियातून. हा ससाण्याच्या चणीचा, लांब पंखांचा शिकारी पक्षी. दिवसभर शेतांवरून खालून खालून घिरट्या घालतो, नाकतोडे आणि उंदीर टिपतो, आणि रात्री झाडावर न बसता माळावरच्या उंच गवतात जमिनीवर झोपतो. गवत कापून टाकलं की त्याचं अंथरूण गेलं. आणि तो गेला की हरभऱ्यावरचे नाकतोडे आमच्याच अंगावर.

मग तिथे झाडं का लावत नाही?

लावली होती. हे जरा सविस्तर सांगते, कारण चूक आमची होती आणि दर पावसाळ्यात कोणीतरी तीच आम्हाला नव्याने करायला सांगतं.

२०१२ च्या जुलैत पुण्यातल्या एका कंपनीची माणसं आली. दोन बस भरून, सगळ्यांच्या अंगात एकसारखे हिरवे टीशर्ट. त्यांना एका दिवसात पाचशे झाडं लावायची होती. आम्हाला आनंदच झाला; फुकट रोपं, फुकट खड्डे, वर चहा-पोह्यांचं कौतुक. माळाच्या वरच्या अंगाला जेसीबीने खड्डे घेतले. गिरिपुष्प, सुबाभूळ, गुलमोहर, थोडा कडुलिंब. फोटो निघाले. बस परत गेल्या.

पुढं असं झालं. जेसीबीने वरची चार बोटं माती खालच्या मुरमात मिसळली. त्या उघड्या मातीवर पहिल्याच पावसात काँग्रेस गवत उगवलं. (हे गवत देशात पहिल्यांदा नजरेला आलं ते १९५० च्या दशकात आणि पुण्यातच. अभिमान बाळगावा असं नाही, पण आहे.) रोपांना उन्हाळ्यात पाणी कोण घालणार? पहिल्या वर्षी आम्ही घातलं, टँकर विकत घेऊन, अंजिराच्या वाटचं. २०१२ हेच दुष्काळाचं वर्ष निघालं. पुढच्या पावसाळ्यापर्यंत साठेक झाडं उरली, आणि उरली ती सुबाभळीची. सुबाभळीनं बी टाकलं. त्या पट्ट्यात तीन वर्षं धाविक दिसला नाही. उघड्यावर अंडी घालणाऱ्या पाखराला झाड म्हणजे कावळ्याचा मचाण, हे आम्हाला तेव्हा सुचलं नव्हतं.

सुबाभूळ उपटायला पाच वर्षं लागली. मुळासकट काढावी लागते, नाहीतर पुन्हा फुटते. अजूनही भाऊजी सकाळी फिरायला जाताना खिशात खुरपं ठेवतात.

झाडांना आमचा विरोध नाही. बांधावर आहेतच: बाभूळ, कडुलिंब, बोर, विहिरीजवळ उंबर, ओढ्याच्या काठाला करंज. माळावर हिवर आणि बोरी आपल्या आपण येतात, तेवढ्या पुरतात. नाना मात्र अजूनही म्हणतात की वरच्या अंगाला चार आंबे जगले असते.

गवताचं काय करता?

मृगापासून दिवाळीपर्यंत माळावर एकही जनावर जात नाही. आमचं नाही आणि गावातलंही नाही. पहिली काही वर्षं यावरून बरीच तोंडातोंडी झाली. मग अण्णांनी तोडगा काढला: दिवाळीनंतर गवताचं बी गळून पडलं की ज्यांना हवं त्यांनी विळ्याने कापून न्यायचं, अर्ध्याने. म्हणजे दोन पेंढ्या कापल्या तर एक त्यांची, एक आमची. आता राखण गावच करतं.

एक तृतीयांश माळ दर वर्षी न कापता ठेवतो, आळीपाळीने वेगळा. ती भोवत्यांची खोली, असं लेक म्हणते. जानेवारीत चारही बाजूंनी दहा फुटांचा पट्टा साफ करून जाळरेषा काढायची. जाळलं की नवं गवत जोमानं येतं ही समजूत अजून आहे, आणि विडी टाकणारा तर समजुतीची वाटही बघत नाही. २०१९ च्या मार्चमध्ये दुपारी दोनला धूर दिसला. आई, जाऊबाई आणि मी ओली पोती घेऊन धावलो, गावातले पंचवीसेक जण आले, तरी तीन एकर गेलं. दुसऱ्या दिवशी राखेत टिटवी एकाच जागेभोवती फिरत होती. त्या आठवड्यात माळाकडे तोंड करून जेवायला कोणी बसलं नाही.

"मेंढ्या बसवणं" म्हणजे काय?

खताचा सगळ्यात जुना आणि माझ्या मते सगळ्यात देखणा प्रकार. आमच्या भागातले धनगर दिवाळीनंतर मेंढरं घेऊन कोकणाकडे उतरतात आणि पावसाच्या आधी परत येतात. जाता-येता ती रिकाम्या रानात रात्रीपुरती बसवायची. मेंढ्यांचं लेंडीखत आणि मूत रानातच पडतं आणि त्यांच्या खुरांनी तिथेच कालवलं जातं. बदल्यात रोजाप्रमाणे पैसे, शिवाय ज्वारी आणि चहापाणी.

आमच्याकडे एकच बिऱ्हाड येतं, आबांच्या, म्हणजे आजेसासऱ्यांच्या, वेळेपासून. संध्याकाळी घोड्यावरून सामान उतरतं: दोन घोंगड्या, पितळी हंडा, काठीला बांधलेली कोंबडी, वर बसलेलं एक लहान पोर. बायका दावणीसारखं वाघूर, म्हणजे जाळं, ताणून चौकोन करतात. तीनेकशे मेंढ्या त्यात शिरतात तेव्हा पावसाच्या सरीसारखा आवाज येतो. दुसऱ्या रात्री चौकोन शेजारी सरकतो, तिसऱ्या रात्री त्याच्या शेजारी. आठ रात्रींत खालचं दोन एकर रान खतावतं. त्या रानातली बाजरी लांबूनच ओळखू येते, पानाचा रंगच काळपट असतो.

अलीकडे मोठी अडचण आहे ती वाटांची. रस्ते रुंद झाले, कुंपणं आली, जुने चराईचे माळ प्लॉटिंगमध्ये गेले. त्या बिऱ्हाडाचे धनगरमामा म्हणतात, "कोकणात जायला पंधरा दिस लागायचं. आता बी पंधराच लागत्यात, पर आठ दिस निस्तं रस्ता सोडून कुठनं जायचं तेच इचारण्यात जात्यात."

लांडगे आहेत म्हणे? भीती नाही वाटत?

आहेत. सासवडपासून दौंड, बारामती, इंदापूरपर्यंतचे माळ हा लांडग्याचा जुना मुलूख आहे, आणि तो वाघाइतक्याच कडक कायद्याने संरक्षित प्राणी आहे. आमच्या माळावर तो राहत नाही, येऊन-जाऊन असतो. मी चौदा वर्षांत सहा वेळा पाहिलाय. एकदा पहाटे अंजिराकडे निघाले तर बांधावर उभा. कुत्रा समजून मी हाड म्हटलं. त्यानं मान वळवून माझ्याकडे असं पाहिलं की माझी चूक मला कळली. मग तो चालत गेला, पळाला नाही.

माणसाला तो सहसा काही करत नाही. शेळी-मेंढी नेतो. धनगरमामांची दर वर्षी एखाददुसरी जाते. शिव्या देतात, पण विष घालत नाहीत. "त्याचा वाटा" म्हणतात. शेजारच्या गावात मात्र विषाचे प्रकार झालेत. मेंढरू गेलं तर वनखात्याला लगेच कळवायचं (१९२६ हा क्रमांक लक्षात ठेवा), पंचनामा होईपर्यंत मेलेलं जनावर हलवायचं नाही, मग भरपाई मिळते. उशिरा का होईना.

खरा घोर कुत्र्यांचा आहे. पुण्याजवळ लांडगा आणि कुत्रा यांचा संकर जनुकीय तपासणीतून सिद्ध झालाय. हॉटेलांच्या कचऱ्यावर वाढलेल्या टोळ्या माळावर येतात, ससे आणि अंडी संपवतात, रोग आणतात. म्हणून विनंती: शहरात नकोसा झालेला कुत्रा "शेतावर मोकळा राहील" म्हणून आमच्या रस्त्याला आणून सोडू नका. दर वर्षी दोन-तीन तरी सोडले जातात.

बिबट्या?

ऊस आला की बिबट्या येतो. आमच्याकडे ऊस नाही.

चिंकारा दिसेल का?

बहुधा नाही. त्यासाठी सुप्याजवळच्या मयूरेश्वर अभयारण्यात जा. जेमतेम पाच चौरस किलोमीटरचं आहे, १९९७ साली घोषित झालेलं, पण चिंकारा हमखास दिसतो. सकाळी लवकर जा.

पाणी कुठून आणता? ऊस का लावत नाही?

एक विहीर आहे, सात परस खोल, आबांनी दुष्काळात खणलेली. बोअर दोन घेतले होते. एक कोरडा गेला, दुसऱ्याला सहा महिने पाणी आलं आणि त्या सहा महिन्यांत विहीर खाली गेली. तेव्हापासून बोअर बंद. पुरंदर उपसा योजनेतून मुळा-मुठेचं, म्हणजे पुण्यात आधी वापरून झालेलं, पाणी तालुक्यात येतं, पण आमचं रान त्या पाइपाच्या टप्प्यात नाही. नानांना याचं दुःख आहे. मला त्या पाण्याचा वास आठवतो, म्हणून कमी आहे.

ऊस का नाही याचं उत्तर आमच्याच तालुक्यातल्या नायगावात आहे. १९७२ च्या दुष्काळानंतर पुण्याचे विलासराव साळुंखे नावाचे इंजिनिअर तिथे आले. देवस्थानाची चाळीस एकर उजाड जमीन त्यांनी कराराने घेतली, बांध घातले, पाझर अडवला आणि त्यातून पाणी पंचायत उभी राहिली. नियम असे: पाणी जमिनीच्या मापानं मिळणार नाही, घरातल्या माणसांच्या संख्येनं मिळेल. माणशी अर्धा एकर, घराला जास्तीत जास्त अडीच एकर. भूमिहीनालाही वाटा. जमीन विकली तर पाण्याचा हक्क जमिनीबरोबर जाणार नाही. आणि ऊस लावायचा नाही.

आबा ते बघायला पायी गेले होते. परत आल्यावर त्यांनी विहिरीच्या थारोळ्याजवळ बसून दोन्ही मुलांना सांगितलं की आपल्या विहिरीवर आपण अकरा माणसं आणि सहा जनावरं आहोत, तेवढ्याचंच रान ओलिताखाली धरायचं. तो हिशोब आजही चालतो. घरात बाळ जन्मलं किंवा गाय विकली की अण्णा खरंच ओलिताचे गुंठे बदलतात. पाहुण्यांना ही गंमत वाटते.

माळाचा यात वाटा मोठा आहे. गवताच्या मुळांतून पाऊस जिरतो आणि खालच्या विहिरीला उतरतो. आगीनंतरच्या पावसाळ्यात ओढा पहिल्यांदा गढूळ लाल वाहिला आणि विहिरीला पाणी पंधरा दिवस उशिरा चढलं. त्यानंतर जाळरेषेवरून नानांनी कधी वाद घातला नाही.

तुमचा माल सेंद्रिय आहे का?

बाजरी, ज्वारी, कडधान्यं यांना काहीही मारत नाही. मेंढ्यांचं खत आणि जीवामृत. जीवामृत म्हणजे एकराला दहा किलो शेण, दहा लिटर गोमूत्र, दोन किलो गूळ, दोन किलो बेसन आणि दोनशे लिटर पाणी. कांद्यावर फवारावं लागतं. अंजिराला पावसाळी हवेत तांबेरा येतो, तेव्हा एखादी फवारणी होते. प्रमाणपत्र आमच्याकडे नाही. दारात येऊन "हंड्रेड पर्सेंट ऑरगॅनिक ना?" असं विचारणाऱ्यांना मी आधी तांबेऱ्याचं पान दाखवते. काही जण परत जातात. चालतं.

अंजीर कधी मिळतात? इतके महाग का?

आम्ही मीठा बहार धरतो, फळ उन्हाळ्यात येतं. पुरंदरच्या अंजिराला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण भाव त्याने ठरत नाही. भाव ठरतो तो तोडणीनं. फळ उन्हं वर यायच्या आत, देठ थोडा ठेवून, एकेक हाताने काढायचं. देठातून पांढरा चीक गळतो. तो बोटांवर सुकला की कातडी सोलते. हंगामात माझ्या आणि जाऊबाईंच्या बोटांचे ठसे आधारच्या मशीनला लागत नाहीत. एकदा रेशन दुकानात दोघींनाही परत पाठवलं होतं. हातमोजे घालून बघितले, पण फळ किती मऊ झालंय ते मोज्यातून कळत नाही. खोबरेल लावायचं आणि तोडायचं. तोडलेलं अंजीर दोन दिवस टिकतं. उरलेला हिशोब तुम्हीच करा.

गावरान बी विकता का?

विकत नाही, देतो. पुढच्या वर्षी दुप्पट आणून द्यायचं, ही अट. बाजरीची आणि ज्वारीची निवडक कणसं आईंच्या स्वयंपाकघरात आढ्याला टांगलेली असतात, चुलीचा धूर लागावा म्हणून, हुलगा-मटकी राखेत. आपल्या शेतातलं बी राखणं, देणं-घेणं हा शेतकऱ्याचा हक्क २००१ च्या कायद्यात लिहिलेला आहे, तेव्हा बिनधास्त न्या. दुप्पट परत आणणारे दहात तिघे.

यातून पैसे सुटतात का?

घर चालतं. भाऊजी जेजुरीत नोकरी करतात, नवरा शाळेत शिकवतो. नुसत्या शेतावर अकरा माणसं आज जगत नाहीत, आणि कोणी जगतात असं सांगत असेल तर त्याच्या घरातल्या पगाराची चौकशी करा. माळाचा थेट पैसा म्हणजे गवत. दुष्काळी वर्षात मात्र आम्ही वैरण विकत घेत नाही, आणि त्या वर्षात कडब्याचा भाव काय असतो हे जनावरं पाळणाऱ्याला विचारा.

एकत्र कुटुंबात निर्णय कोण घेतं? भांडणं होत नाहीत का?

होतात. गेल्या आठवड्यातलं ताजं आहे, सौर पंपाच्या जागेवरून.

पण विचारणाऱ्यांना खरं तर जाणून घ्यायचं असतं की आठ एकर मोकळी जमीन असताना इतक्या जणांनी ती विकली कशी नाही. त्याचं श्रेय माझं नाही, अण्णांचंही नाही. ते आत्याबाईंचं.

आबा २०११ मध्ये गेले. वारस नोंद लावताना अण्णा, नाना आणि आत्याबाई अशी तिघांची नावं आली. रीतीप्रमाणे आत्याबाईंकडून हक्कसोडपत्र घ्यायचं ठरलं. सगळ्याच घरांत घेतात. बहिणीला साडी-चोळी करतात, तालुक्याला नेतात, सही घेतात. मुलींचा हक्क कायद्यानं २००५ साली पक्का केला, महाराष्ट्रानं तर १९९४ सालीच, पण कायदा सासवडला आणि रीत घरात. आत्याबाई आल्या, जेवल्या, साडी घेतली आणि म्हणाल्या, "सही नाय करायची. माझं नाव आबाच्या नावाखाली दिसतंय तेवढं राहू द्या. पीक नको मला." घरात महिनाभर कोणी नीट बोललं नाही. आई सांगतात, भाऊबीजेलाही त्या वर्षी ताट थंड होतं.

मग पुरंदरच्या नियोजित विमानतळाच्या बातम्या सुरू झाल्या. पारगाव, खानवडी, एखतपूर, मुंजवडी ही गावं आमच्यापासून लांब, पण भाव सगळ्या तालुक्यात चढले. एक एजंट माळासाठी आला, पांढऱ्या गाडीतून, टोकन खिशात घेऊन. नाना तयार होते. त्यांच्या थोरलीचं लग्न तोंडावर होतं, आणि त्यात त्यांचं काही चुकलं असं मला आजही वाटत नाही. अण्णा गप्प होते, म्हणजे निम्मे तयार. एजंटाने सातबारा बघितला आणि तिसऱ्या नावावर बोट ठेवलं. "ह्या बाईंची सही लागेल." आत्याबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, "त्या माळावर मी आबाबरोबर गवत कापलंय. विकायचा आसंल तर मला भाऊ म्हणून विका."

एजंट दोनदा आला, मग आला नाही. लग्नाचं कर्ज तिघांनी मिळून फेडलं. आत्याबाईंनी त्यात एक पाटली मोडली. नाना आणि त्या अजूनही एकमेकांना टोमणे मारतात, पण चंपाषष्ठीला वांग्याच्या भरिताचा पहिला घास नाना त्यांच्यासाठी बाजूला काढून ठेवतात.

जमीन विकायची आहे का?

नाही. आत्याबाईंचा नंबरही देणार नाही.

तुम्ही पुण्याच्या. इथे करमतं का?

पहिली दोन वर्षं नाही. लाइट जायची, पाणी शेंदायला लागायचं, आणि डोक्यावरचा पदर हा विषय वेगळाच. नंतर एके वर्षी माहेरी आठ दिवस राहिले आणि रात्री झोप लागेना. शांतता नव्हती हे कारण नव्हतं, वाऱ्याची दिशा कळत नव्हती. इथे झोपेतही कळते. एवढंच सांगता येईल.

मुलं पुढे हे चालवतील का?

लेकीला विचारलं तर ती सध्या क्रिकेटर होणार आहे. पुतण्याला ट्रॅक्टर आवडतो, शेत नाही. आम्ही त्यांना एकच काम दिलंय: पावसाळ्याआधी माळावरची घरटी शोधायची, जवळ न जाता दहा पावलांवर चुना टाकलेला दगड ठेवायचा, म्हणजे कोणाचा पाय पडणार नाही. गेल्या वर्षी सतरा दगड लागले. वादळात एक खळगा भरला तर लेक जेवली नाही. यावरून काही निष्कर्ष काढू नका, पुढच्या महिन्यात ती मांजरासाठीही जेवली नव्हती.

यायचं आहे. कसं यावं, काय नियम?

स्वारगेटहून जेजुरीची एसटी, किंवा मिरज लाइनच्या गाडीने जेजुरी स्टेशन. तिथून आदल्या दिवशी सांगितलं तर भाऊजी घेऊन येतात. सोमवती अमावस्येला आणि पालखीच्या दिवसांत निघू नका, अडकाल. हुरडा डिसेंबर-जानेवारीत. मे ते ऑगस्ट माळावर पाय ठेवायचा नाही, बांधावरून बघायचं. ड्रोन नाही. घरट्याचा फोटो नाही, कितीही लांबून असला तरी. तुम्ही पाखराला उठवता आणि कावळा तुमच्याकडे बघत असतो. जेवण जे घरात शिजेल ते: बहुधा बाजरीची भाकरी, हुलग्याचं माडगं किंवा मटकीची उसळ, कांदा. चंपाषष्ठीच्या आधी चार महिने घरात वांगं आणि कांदा खात नाहीत, तेव्हा तोंडी लावायला मागू नका. आई नाही म्हणणार नाहीत, पण लक्षात ठेवतील.

येताना काय आणू?

रोप सोडून काहीही. आधीच बावीस रोपं ओसरीवर पडून आहेत, सगळी प्रेमाने आणलेली, त्यातली नऊ गुलमोहराची. जुनी वर्तमानपत्रं मात्र जरूर आणा. मार्चपासून अंजिराच्या खोक्यांत खाली घालायला लागतात आणि आमच्याकडे एकच पेपर येतो, तोही नाना सोडत नाहीत.